पाहुण्यांचा डबा

माझं आणि माझ्या थोरल्या जावेचं कधी फारसं जमलं नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, आणि आमचं म्यान तर दोन खोल्यांचं. ती टापटिपीची, मी पसाऱ्याची. ती मनात ठेवणार, मी तोंडावर बोलून मोकळी होणार. भांडी कोणी घासायची यावरून आम्ही इतक्यांदा भांडलोय की भांड्यांनाच लाज वाटावी. पण कारखान्यात जाताना-येताना मात्र दोघी बरोबर. रस्ताभर मी बोलायचे आणि ती हुं हुं करायची.

त्या संध्याकाळीही माझीच बडबड चालली होती. पुलाच्या उतारावर मागून एक भाजीवाला ओरडला, "अहो बाई, चप्पल राहिली तुमची!" वळून बघते तर थोरलीच्या डाव्या पायातली चप्पल रस्त्याच्या मधोमध पडलेली, आणि या बाईसाहेब एक पाय अनवाणी टाकत तशाच पुढे चाललेल्या. मला हसू आवरेना.

"ताई, लक्ष कुठे आहे? उद्या पाय मागे राहिला तरी कळायचं नाही तुम्हाला."

ती हसली नाही. भाजीवाल्याने आणून दिलेली चप्पल हातात धरून ती आपल्या तळव्याकडे बघत राहिली. उतारावर खडी पसरली होती आणि तळव्यातून रक्त येत होतं. "मला कळलंच नाही गं," ती म्हणाली. माझं हसू तिथेच विरलं.

आमचा कारखाना बुटांचा. आम्ही केलेले बूट आम्ही कधी कोणाच्या पायांत पाहिले नाहीत. ते खोक्यांत जातात, खोकी कंटेनरमध्ये, कंटेनर बंदरावर आणि तिथून समुद्रापलीकडे. मी पॅकिंगला. बुटात कागदाचा बोळा कोंबायचा, जोडी खोक्यात निजवायची, झाकण लावायचं. थोरली सोल्युशनच्या खोलीत. बुटाचा वरचा भाग आणि तळ तिथे सोल्युशनने चिकटवतात, ब्रश घेऊन, हाताने. खोलीची खिडकी बंद. भिंतीत मोठा पंखा आहे, तोही बंद, कारण वारा लागला की सोल्युशनवर साय धरते आणि मग ते चिकटत नाही. त्या खोलीचा वास गोडसर असतो. आधी डोकं धरतं, मग भूक मरते, मग वास येईनासा होतो. वास येईनासा झाला की बाई तयार झाली, असं आमच्या मजल्याचे मास्तर म्हणतात.

थोरले दीर त्यांची पोरगी रांगायची तेव्हाच गेले. तेव्हापासून थोरली त्या खोलीत होती. पोरगी आता शाळा संपवून नर्सिंगच्या वर्गाला जाऊ लागली होती.

डॉक्टरांनी थोरलीच्या पायाला टाचणी टोचून पाहिली. घोट्यापर्यंत तिला काही कळत नव्हतं. "नसा गेल्यात," ते म्हणाले. "काम काय करता?" तिने सांगितलं. "ते सोडा." सोडा म्हणायला त्यांचं काय जातंय! मी तसं म्हणणारही होते, पण थोरलीने माझा दंड दाबला. तिने एवढंच विचारलं, "आता सोडलं तर पाय परत येतील?" डॉक्टर खाली बघून औषध लिहायला लागले.

इथे आमच्या कारखान्याची एक रीत सांगायला हवी. बाई काम सोडून गेली की तिची जागा तिच्या घरात राहते. मुलगी, बहीण, सून, कोणीतरी येऊन बसायचं. नाही बसलं तर जागा गेली. बाहेर माणसं कामासाठी रांगा लावून उभी असतात, म्हणून ही रीत म्हणजे मोठी मेहेरबानी समजतात. घरातल्या घरात अदलाबदल केली तरी मास्तरांची हरकत नसते. मागे दोघी बहिणींनी तशी केली होती. थोरलीचे पाय गेले म्हणजे तिच्या स्टुलावर कोण बसणार, हे आमच्या घरात कोणी उच्चारलं नाही. उच्चारायची गरजच नव्हती. घर तीन पगारांवर उभं होतं, आणि घरात कामाला न जाणारी बाई एकच होती. पोरगी.

म्हणून थोरली वकीलबाईंकडे गेली. स्वतःच्या पायांसाठी ती कुठे गेली नसती, हे मी छातीठोक सांगते.

वकीलबाई कामगार संघटनेच्या. झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली, जिना असा उभा की मी थोरलीला मागून अक्षरशः ढकलत वर नेलं. बाईंनी आधी पाणी दिलं, मग बोलायला लागल्या. आपल्या सरकारने आणि समुद्रापलीकडच्या एका सरकारने करार केलाय, म्हणाल्या. आपला माल तिकडे जकात न लागता जाणार, त्यांचा इकडे येणार. पण त्या करारात एक प्रकरण मजुरांचं आहे. मजुरांच्या जिवाशी खेळून केलेला माल चालायचा नाही. तशी तक्रार झाली तर तिकडून माणसं येतात, स्वतःच्या डोळ्यांनी बघतात, आणि खरं निघालं तर त्या कारखान्याचा माल बंदरावर अडतो.

"म्हणजे सोल्युशन बदलेल?" थोरलीने विचारलं. तिला बाकीच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

"बदलावंच लागेल. पाण्यातलं सोल्युशन मिळतं, सगळ्यांना ठाऊक आहे. सुकायला वेळ लागतो म्हणून मालक वापरत नाहीत. माल अडला की वापरतील."

"आणि माझ्या जागेवर दुसरं कोणी बसलं तर तिला काही होणार नाही?"

"नाही होणार."

थोरलीने सही केली. एकेक अक्षर पाटीवर गिरवावं तसं. त्यानंतर त्या खोलीतल्या आणखी बायकांनी सह्या केल्या. ती कधी कोणाला आग्रह करणारी नाही, पण जेवणाच्या सुट्टीत ती कोणाच्या तरी शेजारी जाऊन बसायची, चप्पल काढून पाय दाखवायची आणि उठून यायची. एवढं पुरायचं.

आमचे हे बंदरावर हमाल आहेत, कंटेनर भरतात. त्यांना हे कळलं तेव्हा घास हातातच राहिला. "वहिनी, हात दाखवून अवलक्षण कशाला? माल अडला तर मालक उपाशी मरणार नाही, आपण मरू. मीही तिथे हात चोळत बसेन."

थोरलीने त्यांच्या ताटात भाजी वाढली. "तुमचं बरोबर आहे, भावोजी," ती म्हणाली. "पण त्या खोलीत पोरगी बसणार आहे."

पोरगी आतल्या खोलीत पाठ करत होती, हाडांची नावं. मोठ्याने पाठ करायची तिला सवय आहे. त्या दिवशी ती पायाच्या हाडांशी आली होती आणि आम्ही तिघंही ऐकत जेवलो.

तक्रार दाखल झाली. वकीलबाई म्हणाल्या, तिकडची माणसं येतील, पण कधी ते कोणालाच सांगणार नाहीत, मालकालाही नाही. त्यातच सगळी खुबी आहे. अचानक येतील आणि कारखाना जसा असतो तसा बघतील. बाईंनी आम्हाला पुष्कळ गोष्टी विचारल्या. डबे किती मोठे, पंखा कधी लावतात, मास्क देतात का, मागचं दार उघडं असतं का. आम्ही सगळं खरं सांगितलं. फक्त पाहुण्यांच्या घंटेचं सांगितलं नाही. लपवायचं होतं म्हणून नव्हे. त्यांनी विचारलं नाही, आणि आमच्या ते डोक्यातच आलं नाही. तुम्ही कोणाला सांगता का, की मी जेवणाआधी हात धुते म्हणून?

परदेशातले गिऱ्हाईक, त्यांचे तपासनीस, कारखान्याचे सरकारी साहेब, हे सगळे आमच्या भाषेत पाहुणे. गेटवरचा वॉचमन, त्याला आम्ही मामा म्हणतो, पाहुण्यांची गाडी दिसली की दोनदा आखूड घंटा वाजवतो. मग प्रत्येकीचं काम ठरलेलं. पॅकिंगवाल्यांनी मागच्या दारासमोर रचलेली खोकी बाजूला करायची आणि कडी काढायची. सोल्युशनच्या खोलीत खिळ्यावरचे मास्क चढवायचे, पंखा लावायचा, रोजच्या सोल्युशनचा पिवळा डबा मोरीखालच्या कपाटात ठेवायचा आणि पांढरा बाहेर काढायचा. पांढऱ्या डब्यात पाण्यातलं सोल्युशन असतं. त्याला आम्ही पाहुण्यांचा डबा म्हणायचो, घरात पाहुण्यांचे कप वेगळे असतात ना, तसा.

हे कधीकाळी जुन्या मास्तरांनी ओरडून ओरडून शिकवलं होतं. ते मास्तर वारले, नवे आले, पण घंटा झाल्यावर ओरडावं लागत नाही याला आता कैक वर्षं झाली. मामा तर इतका तयार की एकदा विम्याचा एजंट इस्त्रीचा शर्ट घालून आला तर त्याच्यासाठीही वाजवली. आम्ही सगळी उलथापालथ केली आणि तो बिचारा पाणी पिऊन गेला. त्यावर आम्ही महिनाभर हसत होतो.

आणि या कामात सगळ्यांत चपळ कोण, तर थोरली. तिच्या टापटिपीला दुसरं कुठे वाव नव्हता, तो इथे मिळाला. पाहुणे जिना चढून येईस्तोवर खोली अशी करायची की जणू तिथे कधी पिवळा डबा नव्हताच. नव्या मुलींना तीच शिकवायची. एका वर्षी चांगलं काम म्हणून तिला स्टीलचा जग मिळाला होता, तो अजून आमच्या फळीवर पुढे ठेवलेला आहे. मी त्यावरून तिला किती चिडवायचे. "महाराणीचा चषक," म्हणायचे.

तो दिवस साधा होता. मालक परगावी. मास्तर दाढ दुखते म्हणून खाली ऑफिसात गाल धरून बसलेले. पॅकिंग आणि सोल्युशनची खोली यांच्यामध्ये काचेची अर्धी भिंत आहे. मी बोळे कोंबत होते आणि काचेतून थोरलीचं डोकं खाली-वर होताना दिसत होतं. तिला हल्ली स्टुलावरून उठायला टेबल धरावं लागायचं.

दोनदा घंटा झाली.

मी खोकी उचलली. माझ्या शेजारचीने उचलली, तिच्या शेजारचीने उचलली, मागचं दार मोकळं झालं, कोणीतरी कडी काढली. एकीनेही कोण आलंय असा विचार केला नाही. मी शेवटचं खोकं ठेवून वळले आणि काचेतून पलीकडे पाहिलं. पंखा फिरत होता. मास्क चढले होते. थोरली टेबलाला पोट टेकून उभी होती, पाय साथ देत नव्हते तरी उभी होती, आणि तिच्या हातात पांढरा डबा होता.

तेवढ्यात तिने माझ्याकडे पाहिलं. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते. आज कोण आलं असणार, हे आम्हा दोघींच्या एकाच वेळी लक्षात आलं.

तिने डबा ठेवला आणि ती कपाटाकडे वाकली, पिवळा परत काढायला. वाकली ती वाकलीच. एकदा गुडघे जमिनीला टेकले की तिला दुसऱ्याने उठवावं लागतं. शेजारची मुलगी, तिनेच शिकवलेली, धावत आली, काखेत हात घालून तिला उभी केली, आणि कपाटाचं दार पायाने लोटून दिलं. "ताई, आले!" असं ती म्हणाली असणार. काचेतून ऐकू येत नाही, पण घंटेनंतर आम्ही तेच म्हणतो.

दार उघडून तिघं आत आली. एक उंच बाई, एक टक्कल पडलेले गृहस्थ आणि आपल्या भाषेची एक दुभाषी बाई. त्यांनी पंख्यापुढे हात धरून पाहिला. पांढऱ्या डब्यावरचं लेबल वाचलं, फोटो काढला. मागचं दार ढकलून पाहिलं, ते उघडलं. उंच बाई भली दिसत होती, हे मी खरं सांगते. तिच्या चेहऱ्यावर, काहीतरी सापडेल असं वाटलं होतं आणि सापडत नाही, असे भाव होते.

मग त्यांनी सह्या करणाऱ्यांना एकेकीला कँटीनमध्ये बोलावलं. थोरलीला चालायला आधार लागतो म्हणून मला तिच्याबरोबर बसू दिलं. मास्तरांना बाहेर ठेवलं. दुभाषी बाईंनी आधी सांगितलं की तुम्ही काहीही बोलू शकता, तुम्हाला कोणी कामावरून काढू शकणार नाही, करारात तसं कलम आहे.

थोरली खोटं बोलत नाही. हा तिचा गुण मला घरात किती नडलाय! ती म्हणाली, "तुम्ही बघितला तो डबा पाहुण्यांचा आहे. रोजचा डबा मोरीखाली आहे, पिवळा."

दुभाषी बाईंनी ते तिकडच्या भाषेत सांगितलं. गृहस्थ उठून गेले आणि परत आले. हो, पिवळा डबा आहे, म्हणाले. पण मास्तर सांगतायत, जुना साठा आहे, दुरुस्तीपुरता.

"तो तिथे कोणी ठेवला?" उंच बाईने विचारलं.

"मी."

"आज?"

"आत्ता. घंटा झाली तेव्हा."

"तुम्हाला ठेवायला कोणी सांगितलं?"

मी तिच्या गुडघ्याला गुडघा लावला. सांगा ना, मास्तरांनी सांगितलं म्हणून सांगा. एवढं एकच वाक्य, आणि ते कुठे फार खोटं होतं? पण तिच्या गुडघ्याला तरी काय कळणार होतं.

"आज कोणी नाही सांगितलं," ती म्हणाली.

"धमकी दिली होती कोणी?"

"नाही."

"मग आज तुम्ही हे का केलंत? तक्रार तर तुमचीच आहे."

दुभाषी बाईंनी हा प्रश्न हळू आवाजात विचारला. थोरलीने आपल्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या पेरांवर सोल्युशन वाळून पापुद्रे सुटलेले असतात, ते ती सोलत होती. "सांगावं लागत नाही," ती म्हणाली. "आमचे हातच करतात." मग तिने चप्पल काढून पाय पुढे केला आणि त्या उंच बाईला म्हणाली, "टोचून बघा."

बाईने टोचलं नाही. तिने आधी पायाकडे पाहिलं, मग दुभाषी बाईंकडे, आणि तिचे डोळे भरून आले. पण डोळे भरून आले हे अहवालात लिहिता येत नसावं.

घरी जाताना मी एक शब्द बोलले नाही. रस्ताभर मी गप्प, असं पहिल्यांदा झालं. कोणाला बोलायचं? मामाला? त्याने गाडी पाहिली आणि घंटा वाजवली, वीस वेळा शिव्या खाऊन शिकलेलं काम केलं. शेजारच्या मुलीला? मला? मालकाने तर बोटसुद्धा उचललं नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. पुलाच्या उतारावर थोरलीच थांबली आणि म्हणाली, "मी त्या मुलींना फार चांगलं शिकवलं गं."

अहवाल यायला बरेच दिवस लागले. वकीलबाईंनी आम्हाला वर बोलावलं नाही, त्याच आमच्या घरी आल्या, तेव्हाच मी समजले. त्यांनी वाचून दाखवलं. कामगारांच्या तोंडावर मास्क होते. पंखा चालू होता. धोक्याचं सोल्युशन सापडलं, परंतु ते मालकाच्या आदेशाने वापरात आहे किंवा लपवलं गेलं, असं सिद्ध होत नाही. तक्रारदार कामगाराने ते आपण स्वतःहून हलवल्याचं मान्य केलं आहे. तिच्या आजाराबद्दल सहानुभूती आहे, परंतु त्याची इतरही कारणं असू शकतात. सबब करारातील कलमाचा भंग झाल्याचं आढळत नाही.

"पुन्हा तक्रार करू," वकीलबाई म्हणाल्या. "फेरविचार मागता येतो. मला त्या घंटेचं आधी कळलं असतं तर..." आणि त्या थांबल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. मला त्यांचा राग आला नाही. तीन दिवसांनी आमच्या यांनी बंदरावरून येऊन सांगितलं, आपल्या कारखान्याचा माल आज गेला, मीच भरला. एरवी अशा दिवशी ते खुशीत असतात. त्या दिवशी आंघोळ करून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

थोरलीला कामावरून काढलं नाही. तेवढं कलम मालकाने तंतोतंत पाळलं. उलट कँटीनमध्ये एक चकचकीत फलक लागला, कामगारांचे हक्क, समुद्रापलीकडच्या भाषेत आणि आपल्याही. वरातीमागून घोडं. फलक लागला त्याच आठवड्यात थोरली स्टुलावरून उठताना पडली आणि मग तिला उभंच राहता येईना. मास्तर स्वतः घरी आले. चांगले वागले, दारातच चपला काढल्या. "जागा तुमच्या घरातच आहे," म्हणाले. "सोमवारपर्यंत कोणीतरी पाठवा."

पोरगीने त्याच संध्याकाळी पुस्तकं बांधून फळीवर ठेवली, त्या स्टीलच्या जगाच्या मागे. रडली नाही, काही नाही. म्हणाली, "काकू, सोल्युशनच्या खोलीत केस बांधून जावं लागतं का गं?" मी तिच्यावर उगीचच खेकसले.

आता खरं सांगते. अदलाबदलीचं माझ्या मनात होतं. पोरगी पॅकिंगला, मी आत. मास्तर नाही म्हणाले नसते. पण मी ते कोणापाशी बोलले नव्हते, कारण मी ठरवलं नव्हतं. का ठरवावं? पोरगी माझी नाही. मला मूल झालं नाही, त्यावरून या घरात मी काय काय ऐकलंय, आणि थोरलीने स्वतः ऐकवलं नसलं तरी ती ते ऐकत उभी असायची. माझे पाय मला प्रिय आहेत. पहाटे उठून थंड फरशीवर पाय ठेवला की जे झणकन वर जातं, ते मला आवडतं. शनिवार-रविवार मी हाच विचार करत भांडी घासली, आणि दोन्ही दिवस पाळी माझी नव्हती.

थोरली खाटेवर बसून काहीतरी शिवत होती. तिला स्वस्थ बसवत नाही, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

सोमवारी सकाळी निघायला दार उघडलं. उंबऱ्याशी आमच्या चपला नेहमी ओळीने असतात. ओळीने लावणारी अर्थात तीच. पोरगीच्या चपला होत्या तशाच होत्या. माझ्या चपलांना मागून, टाचेवरून जाणारा इलॅस्टिकचा पट्टा शिवलेला होता. बारीक, दुहेरी टाक्याने, आतली कड दुमडून, टोचू नये अशी. पाय सुन्न झाला तरी चप्पल सुटून रस्त्यात राहू नये, म्हणून लावतात तसा. तिच्या स्वतःच्या चपलांना होता तसाच.

मी वळून आत पाहिलं. ती खाटेवर बसली होती, तोंड भिंतीकडे. पाठ हलत होती. तिने मला विचारलं नाही. हात जोडले नाहीत, पाय धरले नाहीत, "माझ्या लेकीला वाचव" असं एक अक्षर बोलली नाही. मला इतका राग आला की वाटलं, त्या चपला तिच्या अंगावर भिरकावाव्यात. इतक्या वर्षांत या बाईने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे.

पोरगी मागे येऊन उभी राहिली, केस घट्ट बांधून. "काकू, उशीर होतोय."

"तू पॅकिंगला बसायचंस," मी म्हटलं. "बोळा नीट कोंबायचा, नाहीतर बुटाचं नाक चेपतं. आणि संध्याकाळच्या वर्गाची चौकशी कर. चल."

मी चपला घातल्या. पट्टा टाचेवर बरोबर बसला, ना सैल ना घट्ट. माझ्या पायाचं माप तिने कधी घेतलं, कोण जाणे.